भाऊंची निवृत्ती, वहिनींची तीस वर्षं

मी नाशिकमध्ये सेबीकडे (शेअर बाजार आणि गुंतवणुकीवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेकडे) नोंदणी केलेला गुंतवणूक सल्लागार म्हणून काम करतो. हे प्रकरण एका जोडप्याच्या परवानगीने लिहितो आहे. ओळख पटू नये म्हणून काही तपशील आणि आकडे बदलले आहेत, पण निर्णयांचा क्रम आणि त्यामागची कारणं घडली तशीच ठेवली आहेत. मी त्यांना भाऊ आणि वहिनी म्हणतो, इथेही तसंच म्हणेन.

पार्श्वभूमी

भाऊ 1993 पासून सातपूरच्या औद्योगिक वसाहतीत, मोटारींचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत कामाला होते. शेवटची बारा वर्षं ते क्वालिटीला सुपरवायझर होते. मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून 46,000 रुपये. 31 मे 2023 ला, वयाच्या 58 व्या वर्षी निवृत्ती ठरलेली. वहिनी त्यांच्यापेक्षा पाच वर्षांनी लहान. त्या घरी फॉल-पिको आणि ब्लाउज शिवायचं काम करतात, त्यातून महिन्याला पाचेक हजार सुटतात. सिडकोत स्वतःचा फ्लॅट आहे, त्याचं कर्ज फिटलेलं. मुलगी लग्न होऊन संगमनेरला गेली आहे. मुलगा तेव्हा 29 वर्षांचा, हिंजवडीत नोकरीला. सिन्नर तालुक्यात वडिलोपार्जित दीड एकर कोरडवाहू जमीन आहे. ती धाकटा भाऊ कसतो आणि वर्षाकाठी बाजरीची दोन पोती पाठवतो.

निवृत्तीला हातात येणारी रक्कम अशी होती: फंडाचे, म्हणजे भविष्य निर्वाह निधीचे, सुमारे 37 लाख. ग्रॅच्युइटीचे, म्हणजे दीर्घ सेवेबद्दल कंपनी देते त्या रकमेचे, 7 लाख 96 हजार (46,000 ला 15 ने गुणून 26 ने भागायचं आणि आलेल्या आकड्याला 30 वर्षांनी गुणायचं). शिल्लक सुट्ट्यांचे 2 लाख 54 हजार. एकूण साडेसत्तेचाळीस लाख. त्याशिवाय पीपीएफमध्ये (सरकारच्या दीर्घ मुदतीच्या बचत खात्यात) 6 लाख 20 हजार, म्युच्युअल फंडात 4 लाख 10 हजार आणि एका पतसंस्थेत साडेदहा टक्क्यांनी ठेवलेले 5 लाख. सगळं मिळून 62 लाख 80 हजार.

ज्या माणसाने तीस वर्षं पगाराच्या पावतीवर संसार केला, त्याला हा आकडा फार मोठा वाटतो. भाऊंनाही वाटला. आणि त्यांच्या आजूबाजूच्या सगळ्यांनाच वाटला.

पहिली भेट आणि परत केलेली पॉलिसी

भाऊ पहिल्यांदा आले ते नोव्हेंबर 2022 मध्ये, पहिली शिफ्ट सुटल्यावर, एकटेच. हातात एक गुळगुळीत फोल्डर होतं. दिवाळीचा बोनस आणि मोडलेली एक एफडी मिळून 2 लाखांचा पहिला हप्ता भरून त्यांनी बँकेतल्या ओळखीच्या मुलाकडून एक 'गॅरंटीड इन्कम' पॉलिसी घेतली होती. दहा वर्षं दरवर्षी 2 लाख भरायचे आणि बाराव्या वर्षापासून उत्पन्न सुरू व्हायचं. ते विचारायला आले होते ते वेगळंच: निवृत्तीच्या पैशातून अशाच आणखी दोन घ्याव्यात का.

मी एवढंच विचारलं की पुढचे नऊ हप्ते कशातून भरायचे. पगार सहा महिन्यांनी थांबणार होता. भाऊ बराच वेळ फोल्डरकडे पाहत राहिले.

पॉलिसीचा कागद हातात पडून तेव्हा नऊ दिवस झाले होते. कागद मिळाल्यापासून ठरावीक दिवसांत पॉलिसी विनाकारणही परत करता येते. त्या वेळी ही मुदत साधारण 15 दिवसांची होती, आता ती 30 दिवसांची आहे. त्याच संध्याकाळी आम्ही अर्ज लिहिला. दुसऱ्या दिवशी भाऊंनी तो शाखेत देऊन पोच घेतली. स्टँप ड्यूटी आणि तेवढ्या दिवसांच्या विम्याचा खर्च वजा करून बाकी पैसे परत आले. आणखी आठवडाभर थांबले असते तर ही गोष्ट इतकी सोपी राहिली नसती.

माझी फी सांगितल्यावर मात्र ते बिचकले. पहिल्या वर्षी 18,000, पुढे दरवर्षी 9,000. "बँकेतला मुलगा तर फुकट सांगतो," असं म्हणाले. त्यात त्यांची चूक नव्हती, कारण त्यांच्या खिशातून त्या मुलाला थेट कधीच काही गेलेलं नव्हतं. अशा पॉलिसीत पहिल्या वर्षीच्या हप्त्यातला मोठा वाटा विक्रीच्या कमिशनमध्ये जातो, हे मी त्यांना कागदावर मांडून दाखवलं. नोंदणीकृत सल्लागाराला ज्या ग्राहकाकडून फी घ्यायची, त्याच्याच गुंतवणुकीवर कमिशन घेता येत नाही, हेही सांगितलं. माझा 'आयएनए'ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक सेबीच्या संकेतस्थळावर स्वतः तपासून या, मग ठरवा, असं म्हणालो. ते तपासूनच परत आले. हे मला फार आवडलं.

खरी अडचण कुठे होती

दुसऱ्या भेटीतही भाऊ एकटेच होते. महिन्याचा खर्च त्यांनी 30,000 सांगितला. त्या हिशोबाने सगळं आरामात बसत होतं. मी तसा एक कच्चा आराखडाही करून ठेवला.

तिसरी भेट त्यांच्या घरी झाली, तीही योगायोगाने, भाऊंचा गुडघा दुखत होता म्हणून. चहा झाल्यावर वहिनींनी शिलाई मशीनच्या खणातून एक वही काढली. किराणा, दूध, गॅस, सोसायटीचा मेंटेनन्स, भिशी, मुलीच्या घरचं अधिकमासाचं वाण, गावच्या जत्रेची वर्गणी, स्वतःच्या शुगरच्या गोळ्या आणि दर तीन महिन्यांची तपासणी. 2017 पासूनच्या नोंदी होत्या. आम्ही मागच्या बारा महिन्यांची बेरीज केली तेव्हा महिन्याला 46,500 निघाले. भाऊंच्या हिशोबात नसलेले साडेसोळा हजार काही वहिनींच्या शिलाईतून आणि काही भाऊंनी परस्पर भरलेल्या हप्त्यांतून जात होते. विम्याचे जुने हप्ते आणि कामावर जायचा खर्च निवृत्तीनंतर थांबणार होता, पण आरोग्य विमा नव्याने घ्यावा लागणार होता. सगळं धरून आम्ही 40,000 वर आलो.

त्याच दिवशी वहिनींनी एक प्रश्न विचारला. भाऊ आत औषध घ्यायला गेले होते, त्या हळू आवाजात म्हणाल्या, "हे सगळं ह्यांचं झालं. ह्यांच्या मागे मला महिन्याला किती येणार?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. दोन भेटी झाल्या होत्या, आराखडा तयार होता, आणि त्यात वहिनींचं नाव फक्त नॉमिनीच्या रकान्यात होतं. त्या पाच वर्षांनी लहान, त्यांच्या आईने वयाची नव्वदी पाहिलेली. त्यांचं स्वतःचं पेन्शन नाही, फंड नाही. 53 व्या वर्षापासून मोजलं तर हे पैसे त्यांना तीस वर्षं पुरायला हवे होते, आणि त्यातली काही वर्षं त्या एकट्या असण्याची शक्यता मोठी होती. घरी परतताना मी तो आराखडा बाजूला ठेवला. त्यानंतर प्रत्येक पर्याय आम्ही दोनदा मोजला, आधी दोघांसाठी आणि मग एकट्या वहिनींसाठी.

समोर आलेले पर्याय

मुलाला पुनावळ्यात फ्लॅट घ्यायचा होता आणि त्याने 15 लाख मागितले होते. मागितले असं म्हणणंही थोडं चुकीचं आहे. भाऊंनीच लग्नाच्या बोलण्यांत "डाउन पेमेंटचं मी बघतो" असं सांगून टाकलं होतं. वहिनींच्या माहेरचे भाऊ त्र्यंबक रस्त्याला एक प्लॉट सुचवत होते. बँकेकडून पुन्हा फोन येत होते. पतसंस्थेत भाऊंचे चुलतभाऊ संचालक मंडळावर होते, आणि आणखी दहा लाख ठेवले तर अर्धा टक्का जास्त देऊ म्हणत होते.

प्लॉट आम्ही लगेच बाजूला केला, कारण तो दरमहा काही देत नाही आणि अडीनडीला अर्धा विकता येत नाही. पतसंस्थेबद्दल मात्र मला भाऊंशी बराच वेळ बोलावं लागलं. बँकेतल्या ठेवींना प्रत्येक ठेवीदारामागे, प्रत्येक बँकेत 5 लाखांपर्यंत विमा असतो. सहकारी बँकांनाही तो लागू आहे. पतसंस्थेला तो नाही. भाऊंना ती बँकच वाटत होती, कारण पासबुक होतं, काउंटर होता आणि चुलतभाऊ होता. आपल्याकडे असं वाटणारी घरं फार आहेत. साडेदहा टक्के दिसतात, पण त्यामागे कोणताही आधार नाही हे दिसत नाही.

कंपनीने दोन वर्षांचं कंत्राट देऊ केलं होतं, पण त्यात तिन्ही शिफ्ट होत्या आणि भाऊंचे गुडघे साथ देत नव्हते. दुसरीकडे अंबडमधल्या एका छोट्या कारखान्याला शिकाऊ मुलांना मापन आणि तपासणी शिकवायला माणूस हवा होता. आठवड्याचे तीन दिवस, 18,000 रुपये. भाऊ आधी नाखूश होते. "निवृत्त झालो म्हणजे झालो," असं म्हणाले. मग मी दोन कागद शेजारी ठेवले. एकात ते तीन वर्षं हे काम करतात, दुसऱ्यात करत नाहीत. पहिल्या कागदावर तीन वर्षं मूळ रकमेला हात लागत नव्हता. त्यांनी तो कागद घडी करून खिशात ठेवला आणि पुढच्या आठवड्यात अंबडला जाऊन आले.

वाढीव पेन्शन: माझं मत का बदललं

या प्रकरणातला सगळ्यात अवघड निर्णय हा होता.

4 नोव्हेंबर 2022 ला सर्वोच्च न्यायालयाने कर्मचारी पेन्शन योजना, 1995 बद्दल निकाल दिला. 1 सप्टेंबर 2014 ला सेवेत असलेल्या आणि योजनेतल्या पगाराच्या मर्यादेपेक्षा जास्त, म्हणजे प्रत्यक्ष पगारावर फंड भरणाऱ्या कामगारांना वाढीव पेन्शनचा पर्याय निवडायची संधी त्यामुळे खुली झाली. अर्जाची मुदत पुढे ढकलत 11 जुलै 2023 पर्यंत गेली. भाऊ या गटात बरोबर बसत होते.

या योजनेत पेन्शनपात्र पगाराला सेवेच्या वर्षांनी गुणून 70 ने भागतात. वीस वर्षांहून अधिक सेवा करून 58 ला निवृत्त होणाऱ्याला दोन वर्षं वाढवून मिळतात. पण हा पगार ऑगस्ट 2014 पर्यंत जास्तीत जास्त 6,500 आणि त्यानंतर 15,000 धरला जातो. त्यामुळे तीस वर्षं राबूनही भाऊंचं पेन्शन महिन्याला 3,900 च्या आसपास येत होतं. वाढीव पर्याय घेतला तर आमच्या अंदाजाने ते 12,000 च्या घरात जात होतं. त्यासाठी मागच्या वर्षांचा फरक व्याजासह पेन्शन योजनेत भरावा लागणार होता. तो आम्ही साडेपाच ते साडेसहा लाख धरला.

माझं पहिलं मत नकाराचं होतं. भरलेले पैसे परत येत नाहीत, पेन्शनवर महागाई भत्ता मिळत नाही, आणि हिशोब नेमका कोणत्या पद्धतीने होणार हे त्या वेळी पुरतं स्पष्ट झालेलं नव्हतं. मी भाऊंना तसं सांगूनही टाकलं होतं.

मग वहिनींच्या प्रश्नाने तोच हिशोब पुन्हा केला. पेन्शनधारकाच्या मागे पत्नीला त्याच्या पेन्शनच्या निम्मं मिळतं, तेही हयातभर. म्हणजे जुन्या पर्यायात वहिनींना 1,950 आणि नव्या पर्यायात 6,000 च्या आसपास. सहा लाख भरून भाऊ असेपर्यंत वर्षाला सुमारे 97,000 जास्त मिळत होते आणि भाऊंच्या मागे वहिनींना 48,000 च्या वर. एकट्या वहिनींच्या वाट्याचा आकडासुद्धा त्या सहा लाखांवर आठ टक्के पडत होता. मुदत संपली, दर खाली आला, पैसे कुठे फिरवायचे, ही कोणतीही चिंता त्यात नव्हती. दोघंही लवकर गेले तर मुलांच्या हाती सहा लाख कमी लागतील, हे आम्ही मोकळेपणाने बोललो. वहिनी म्हणाल्या, "मुलांना घर आहे, हातपाय आहेत. मला हे असू द्या." मी माझं मत मागे घेतलं. एप्रिल 2023 मध्ये भाऊ आणि कंपनी यांचा संयुक्त अर्ज गेला, आणि फरक भरण्यासाठी 7 लाख वेगळे ठेवायचं ठरलं.

मुलाशी बोलणं

संक्रांतीला मुलगा नाशिकला आला होता. भाऊंच्या संमतीने मी चौघांसमोर एकच कागद ठेवला. 15 लाख सरकारच्या ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ठेवले तर महिन्याला 10,250 रुपये येतात असं एप्रिलनंतर मोजता आलं. संक्रांतीला दर थोडा कमी होता, पण मुद्दा तोच होता: डाउन पेमेंटची रक्कम म्हणजे आईच्या महिन्याच्या खर्चाचा चौथा हिस्सा, कायमचा.

मुलगा गप्प झाला. तो वाईट मुलगा नाही. त्याला कोणी आकडेच सांगितले नव्हते. "बाबा म्हणाले होते पुरेल," एवढंच म्हणाला. शेवटी 4 लाख द्यायचे ठरले, ते लग्नाच्या खर्चासह. फ्लॅट एक वर्षाने आणि लहान घ्यायचा हे त्याने स्वतःच सुचवलं.

त्या रात्री भाऊंचा मला फोन आला. "माझ्या मुलासमोर माझा कमीपणा झाला." संमती घेतली होती हे खरं, पण मी त्यांना आधी एकट्याला कागद दाखवून, बोलायचं काम त्यांच्यावर सोपवायला हवं होतं. बापाने दिलेला शब्द बापानेच मागे घ्यायचा असतो. तो मी त्यांच्या हातातून काढून घेतला होता. मी माफी मागितली. त्यानंतर दोन महिने भाऊ माझ्याशी जेवढ्यास तेवढं बोलत होते.

प्रत्यक्षात काय केलं

1 एप्रिल 2023 पासून ज्येष्ठ नागरिक बचत योजनेची मर्यादा 15 वरून 30 लाख झाली आणि दर 8.2 टक्के झाला. साठीच्या आतल्या, पण 55 पूर्ण करून निवृत्त झालेल्या माणसाला त्यात पैसे ठेवता येतात. मात्र तेव्हाच्या नियमानुसार निवृत्तीची रक्कम मिळाल्यापासून एका महिन्यात खातं उघडावं लागायचं. (नोव्हेंबर 2023 मध्ये ही मुदत तीन महिने झाली.) कंपनीचं प्रमाणपत्र लागतं, रक्कम कधी मिळाली याचा पुरावा लागतो.

ग्रॅच्युइटी आणि सुट्ट्यांचे पैसे जूनमध्ये आले. फंड अडकला. फंडाच्या नोंदीत भाऊंच्या वडिलांचं नाव एका तऱ्हेने आणि आधारवर दुसऱ्या तऱ्हेने लिहिलेलं होतं. दुरुस्तीचा अर्ज, कंपनीची सही, पुन्हा अर्ज, असं करत पैसे जुलैच्या अखेरीस जमा झाले. म्हणून आम्ही दोन खाती केली. जूनमध्ये 10 लाखांचं, ऑगस्टमध्ये 20 लाखांचं. दोन्हींत वहिनी सहधारक. पण इथे एक बारीक गोष्ट होती, जी मी दोघांना समोर बसवून सांगितली. भाऊंच्या मागे हे खातं पुढे चालवायला वहिनी स्वतः त्या योजनेच्या अटींत बसायला हव्यात, आणि त्या साठीच्या कितीतरी आत होत्या. म्हणजे सहधारक म्हणून नाव असलं तरी हे व्याज त्यांना पुढे चालू राहील असं धरून चालायचं नाही. रक्कम त्यांना मिळेल, आणि ती तेव्हा पुन्हा लावावी लागेल. ती कुठे लावायची, हे आम्ही तेव्हाच वहीत लिहून ठेवलं.

उरलेलं थोडक्यात. पीपीएफ पाच वर्षांसाठी वाढवला. म्युच्युअल फंड रेग्युलर प्लॅनमधून (ज्यात विक्रेत्याचं कमिशन जातं) डायरेक्टमध्ये (ज्यात ते जात नाही) दोन टप्प्यांत नेले, एक मार्चमध्ये आणि एक एप्रिलमध्ये, म्हणजे नफा दोन आर्थिक वर्षांत विभागून करमुक्त मर्यादेत राहिला. त्यात 5 लाख 90 हजारांची भर दीड वर्षात हप्त्याहप्त्याने घातली. दहा वर्षांनी, सहा टक्के महागाईने, आजचे 40,000 म्हणजे 71,600 होतात. त्या वेळी उपयोगी पडेल अशी वाढ फक्त याच दहा लाखांकडून अपेक्षित होती. भाऊंना शेअर बाजाराचं नाव नको होतं, पण वहिनींच्या तीस वर्षांचा आलेख पाहून ते तयार झाले.

कंपनीचा 3 लाखांचा सामूहिक आरोग्य विमा निवृत्तीच्या दिवशी संपणार होता. भाऊंना बीपी, वहिनींना शुगर. नवा विमा घेतला असता तर जुन्या आजारांसाठी काही वर्षं थांबावं लागलं असतं. म्हणून त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत बदली करून घेतली आणि त्यावर सुपर टॉप-अप, म्हणजे ठरावीक रकमेच्या वरचा खर्च उचलणारा पूरक विमा, जोडला. वर्षाला 42,000 हप्ता.

आणि मार्च 2024 मध्ये एक उजळणी केली. पूर्ण महिनाभर घरातले सगळे पैशाचे व्यवहार वहिनींनी एकट्याने करायचे: टपाल कार्यालय, बँक, मोबाइलवरून वीजबिल, विम्याचा हप्ता, माझ्याशी बोलणं. भाऊंनी फक्त बघायचं. मी हे सुचवलं तेव्हा भाऊ रागावले, "अभद्र बोलू नका." वहिनींनीच त्यांना शांत केलं. त्या महिन्यात दोन गोष्टी उघड झाल्या: बँकेत जोडलेला मोबाइल क्रमांक फक्त भाऊंचा होता, आणि एका एफडीवर वहिनींचं नावच नव्हतं. दोन्ही दुरुस्त केलं.

पुढे काय झालं

जानेवारी 2024 मध्ये बचत योजनेचं तिमाही व्याज 61,500 ऐवजी 55,350 आलं. भाऊंना वाटलं पैसे बुडाले, आणि सकाळी सात वाजता माझा फोन वाजला. दहा टक्के टीडीएस (व्याज देतानाच घेतला जाणारा आयकर) कापला गेला होता. साठीच्या आत असल्यामुळे, टीडीएस कापू नये म्हणून भरायचा ज्येष्ठांचा 15-एच अर्ज त्यांना भरता येत नव्हता, आणि व्याजाची एकूण रक्कम मूळ करमुक्त मर्यादेच्या वर जात असल्याने साठीच्या आतल्यांचा 15-जीही नाही. कर लागणार नव्हताच. विवरणपत्र भरल्यावर पैसे परत आले. पण हे मी आधी सांगायचं विसरलो होतो, आणि त्यामुळे एका माणसाची रात्रभर झोप गेली.

ऑक्टोबर 2024 मध्ये भाऊंना डेंगी झाला. सहा दिवस इस्पितळ, 78,000 बिल, विम्याने जवळपास सगळं भरलं.

पतसंस्थेतल्या 5 लाखांपैकी 3 लाख मुदतीवर मिळाले. उरलेले 2 लाख "पुढच्या महिन्यात" करत करत दहा-दहा हजारांनी येत आहेत. चुलतभावाने भाऊंशी बोलणं टाकलं आहे.

वाढीव पेन्शनच्या अर्जात पगाराचे जुने तपशील कमी पडले, म्हणून तो दोनदा परत आला. फेब्रुवारी 2025 मध्ये मागणीपत्र आलं, 6 लाख 18 हजारांचं. पैसे वेगळे ठेवलेले होते, त्यामुळे काही मोडावं लागलं नाही. सप्टेंबरमध्ये सुधारित पेन्शन सुरू झालं, महिना 11,800, आणि जून 2023 पासूनचा फरक एकरकमी जमा झाला. भाऊ पेढे घेऊन आले होते.

काय वेगळं करता आलं असतं

वहिनींशिवाय पहिल्या दोन भेटी मी घ्यायला नको होत्या. आता मी जोडप्यातल्या एकालाच बोलावत नाही. बाई म्हणतात "मला त्यातलं कळत नाही", तरी त्यांनी यावं असा आग्रह धरतो, कारण घराचा खरा खर्च बहुतेक वेळा त्यांच्याच वहीत असतो.

फंडाच्या नोंदी नोव्हेंबरमध्येच आधारशी ताडून पाहायला हव्या होत्या. सहा महिने हाताशी असताना ते काम एका अर्जाचं होतं. निवृत्तीनंतर तेच दोन महिन्यांचं झालं, आणि बचत योजनेची मुदत डोक्यावर असताना झालं.

पतसंस्थेचे पैसे मी मुदत संपेपर्यंत राहू दिले, कारण मधेच काढले तर व्याज कमी मिळणार होतं आणि नात्यात कटुता आली असती. कटुता आलीच. तेव्हाच व्याजाचं नुकसान सोसून पाचही लाख मागायला हवे होते, असं मला आज वाटतं. भाऊंना तसं वाटत नाही. चुलतभावाला आम्ही घाई केली म्हणून संबंध गेले, असं त्यांचं मत आहे.

अजून काय बाकी आहे

मृत्युपत्र झालं आहे आणि नोंदवलंही आहे. फ्लॅटच्या भाग प्रमाणपत्रावर वहिनींचं नाव आलं आहे. सिन्नरच्या दीड एकराच्या सातबाऱ्यावर मात्र अजून भाऊंच्या वडिलांचंच नाव आहे. वारसनोंदीसाठी दोघा भावांनी एकत्र तलाठ्याकडे जायचं आहे आणि तो दिवस ठरत नाही.

मे 2026 मध्ये अंबडचं काम संपतं. त्यानंतर बचत योजनेचे 20,500, पेन्शनचे 11,800 आणि शिलाईचे 5,000 मिळून 37,300 येतील. वहीतला खर्च आता 45,800 आहे. म्हणजे महिन्याला साडेआठ हजारांची, वर्षाला 1 लाख 2 हजारांची तूट. पेन्शनच्या फरकाची एकरकमी रक्कम मुदत ठेवीत आहे. ती तूट पहिली दोन वर्षं त्यातून भरायची की म्युच्युअल फंडातून वर्षातून एकदा काढायची, यावर आमची पुढची बैठक आहे. भाऊंना ठेव मोडायची आहे. वहिनी म्हणतात, ठेव आपल्या एकटीच्या नावावर करून तशीच ठेवावी आणि शिलाईचे दर वाढवावेत. ब्लाउजचे दर त्यांनी 2021 पासून वाढवलेले नाहीत.